टोस्टमास्टर्सचा ऑफिसात खरंच उपयोग होतो का? बऱ्याच महिन्यांनंतरचा माझा अनुभव

हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मागच्या पावसाळ्यात टोस्टमास्टर्स, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करायचा क्लब, जॉईन केला, आता उन्हाळा संपत आलाय. ऑफिसात बोलायला फायदा होतो का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. होतो, पण लोक ज्यासाठी येतात त्याचा मला तरी कमीच झाला.

लोक येतात भाषण करायला. पहिलं आईसब्रेकर, स्वतःबद्दल ४ ते ६ मिनिटं. भीड चेपते, चांगलंच आहे, पण ऑफिसात सहा मिनिटं सलग कोण बोलू देतं? तिथे भर कॉलवर मॅनेजर विचारतो "हा बग अजून ओपन का?" आणि सगळे गप्प. त्याची खरी तयारी टेबल टॉपिक्समध्ये होते. विषय जागेवर मिळतो, १ मिनिट झालं की टायमर हिरवं कार्ड दाखवतो, दीडला पिवळं, २ ला लाल. पिवळं दिसलं की आवरतं घ्यायचं हे अंगवळणीच पडतं. आता स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, मी एवढंच सांगते, "पेमेंटचा बग अडलाय, सर्व्हरचे लॉग्स हवेत, चारपर्यंत मिळाले तर आज क्लोज करते." आणि लॉग्स वेळेत मिळतातही!

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इव्हॅल्युएशन. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडलींनी टोस्टमास्टर्स सुरू केलं तेव्हापासून मेंबरच मेंबरला शिकवतात, पगारी मास्तर नाही. दुसऱ्याचं भाषण कान देऊन ऐकायचं आणि २-३ मिनिटांत सगळ्यांसमोर सांगायचं काय जमलं, काय बदलायचं. "कॉन्फिडन्स वाढवा" म्हणून काही होत नाही, "शेवटचं वाक्य कागदाकडे बघून बोललात, ते आमच्याकडे बघून बोला" हे लागू पडतं. ज्युनियरला पण मी आता "रिपोर्ट नीट लिही" म्हणत नाही, "तिसऱ्या स्टेपला ब्राउझर कुठला ते टाक" म्हणते, आणि तो न रुसता टाकतो. माझ्यासाठी फीचे पैसे इथेच वसूल झाले.

ईमेल, चॅटवरचं लिहिणं मात्र वेगळं शिकावं लागेल, हे बोलण्या-ऐकण्याचं ठिकाण आहे. आणि प्रत्येक क्लबचं वातावरण वेगळं असतं, त्यामुळे आधी दोन-तीन ठिकाणी गेस्ट म्हणून बसून बघा.

जॉईन झालात तर आईसब्रेकरनंतर लगेच पुढच्या भाषणामागे लागू नका, व्हाइस प्रेसिडेंट एज्युकेशनला (क्लबात कोणाला कुठला रोल ते ठरवणारा मेंबर) सांगून आधी टायमर, आह काउंटर (बोलताना कोण किती वेळा "अं", "आ" करतं ते मोजणारा) आणि मग इव्हॅल्युएटरचा रोल मागून घ्या.