पहिलं झाड कोणतं: मनी प्लांट, स्नेक प्लांट की झेडझेड?

घरात ठेवायला पहिलं झाड हवंय म्हटलं की नर्सरीवाला बहुतेक वेळा स्नेक प्लांट पुढे करतो. "काही करावं लागत नाही, मरतच नाही." मला हा सल्ला अर्धाच पटतो. स्नेक प्लांट चिवट आहे यात शंका नाही. पण ज्याने आजवर एकही कुंडी सांभाळलेली नाही, त्याला चिवट झाडापेक्षा बोलकं झाड जास्त शिकवतं. काहीतरी बिनसलंय हे जे वेळेत सांगतं ते बोलकं झाड. या एका कसोटीवर मी पुढची तुलना केली आहे. दिसायला कोणतं छान, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मनी प्लांट आणि स्नेक प्लांट

दोघांची पाण्याची गरज आधी पाहू, कारण नवशिक्यांच्या हातून झाडं जातात ती बहुतेक पाणी जास्त झाल्याने. मुळांना हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात आणि सडू लागतात. सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल पडतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय आणि आपण आणखी पाणी घालतो.

मनी प्लांटला तहान लागली की पानं मऊ पडून खाली लोंबतात, पाणी दिलं की काही तासांत सावरतात. पाणी जास्त झालं तर खालची पानं एकेक करून पिवळी पडू लागतात. पहिल्या दोन-तीन पिवळ्या पानांवर हात आवरला तर झाड वाचतं. म्हणजे चूक झाली आणि निस्तरली, हे महिनाभरात तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. नियम सोपा आहे: बोटाची दोन पेरं मातीत घाला, तिथवर कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलंत की तळातून निथळेपर्यंत द्या.

स्नेक प्लांटची गोष्ट उलटी. जाड पानांत आणि मातीखालच्या गड्ड्यांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी पाणी पुरतं. ऐन पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तर तीन-चार आठवडे दिलं नाही तरी चालतं. पण याच साठ्यामुळे मुळं सडायला लागली तरी वरची पानं ताठ उभी असतात. एक दिवस पान हाताला लागतं आणि बुडातून मऊ, पिवळं होऊन सहज निघून येतं. त्याला कुबट वास असतो. तोवर आतलं बरंच गेलेलं असतं. तेव्हा करायचं एवढंच: सडका भाग कापून टाका, चांगले गड्डे एक-दोन दिवस सुकू द्या आणि वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत पुन्हा लावा.

उजेडात मात्र स्नेक प्लांट सरस. पश्चिमेच्या गॅलरीतलं एप्रिल-मेचं ऊन मनी प्लांटची पानं भाजून काढतं, तेच ऊन हळूहळू सवय लावली तर स्नेक प्लांट सोसतं. मनी प्लांटला खिडकीजवळचा, पण थेट ऊन नसलेला उजेड मानवतो. पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, पण दोन पानांतलं अंतर वाढत जातं, पानं बारकी येतात आणि पिवळे-पांढरे पट्टे फिके होतात. ही खूण दिसली की कुंडी खिडकीकडे सरकवा. ट्यूबलाइटचा उजेड पुरतो असं समजू नका.

पसरायलाही मनी प्लांट सोपं. शेजाऱ्यांकडून एक फांदी मागून घ्या. प्रत्येक पेरापाशी एक छोटा तपकिरी उंचवटा दिसतो, तिथूनच मूळ फुटतं. तो उंचवटा पाण्यात बुडेल अशी फांदी कापा. नुसतं पान तोडून पाण्यात ठेवलं तर वेल येत नाही. स्नेक प्लांटच्या पानाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात, पण फार सावकाश. शिवाय पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर येणारं पिल्लू बहुधा साधं हिरवं निघतं. काठ टिकवायचा तर मुळाशी आलेलं पिल्लूच वेगळं करावं लागतं.

बाटलीतला मनी प्लांट

कुंडी-मातीची कटकट नको म्हणून अनेक जण बाटलीत सुरुवात करतात. पाणी जास्त होण्याची भीती नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण आपल्याकडे त्याला डासांची बाजू आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ती यासाठीच. "कोरडा दिवस पाळा" हे आवाहन झाडवाल्या घरांनी मनावर घ्यावं. आठवड्यातून एकदा पाणी बदला आणि बाटली आतून घासून धुवा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. हे दर आठवड्याला जमणार नसेल तर मातीतच लावा. नुसत्या पाण्यात पोषणही कमी पडतं, काही महिन्यांनी नवी पानं लहान येऊ लागतात.

झेडझेड, आणि बाकीचे

महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असणाऱ्याला मी स्नेक प्लांटच्याही आधी झेडझेड सुचवेन. पूर्व आफ्रिकेतलं हे झाड मातीखाली बटाट्यासारखे गड्डे धरतं, तीन-चार आठवडे पाणी नाही मिळालं तरी त्याचं काही बिघडत नाही, आणि कमी उजेडात ते स्नेक प्लांटपेक्षा तजेलदार दिसतं. वाढ मात्र अतिशय संथ, आणि किंमत मनी प्लांटच्या कितीतरी पट. थेट ऊन त्याला सोसत नाही. ज्यांना रोज काहीतरी घडताना पाहायचंय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. सहा महिने एकही नवा कोंब आला नाही की माणूस कंटाळतो आणि हौसेने पाणी घालत बसतो, तेच त्याला मारतं.

ज्यांचा हात रोज पाणी घालायला शिवशिवतो त्यांच्यासाठी पीस लिली. तहान लागली की अख्खं झाड कुंडीच्या काठावर पालथं पडतं, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उभं. पण मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात पानांची टोकं करपतात. तिथे मी ते पहिलं झाड म्हणून घेणार नाही.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर निर्णय इथेच बदलतो. मनी प्लांट, झेडझेड आणि पीस लिली ही तिन्ही अळू-सुरणाच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक यांच्या पानांतही असतात. तोंडाची आग, लाळ गळणं, उलटी असा त्रास होतो. स्नेक प्लांटही पोटाला बाधतं. अशा घरात स्पायडर प्लांट घ्या. ते विषारी नाही आणि टांगत्या कुंडीत मजेत वाढतं. पावसाळ्यात बाजारात येणारी फोडशी याच क्लोरोफायटम प्रजातीतली, आणि सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवली आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं तपकिरी होतात, पावसाचं पाणी साठवून दिलं तर फरक पडतो.

"हवा शुद्ध करतं" म्हणून जास्त पैसे मोजू नका. हा दावा नासाच्या 1989च्या प्रयोगावरून आला, पण तो प्रयोग बंद पेट्यांत झाला होता. 2019मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून निघालं की घरात खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला त्यालाही उजेडच लागतो.

मग घ्यायचं काय? रोज घरी असाल आणि झाड सांभाळायला शिकायचं असेल, तर मातीतला मनी प्लांट, माझं मत निःसंशय त्यालाच. फिरतीची नोकरी आणि अंधारं घर असेल तर झेडझेड. पश्चिमेची तापणारी गॅलरी असेल तर स्नेक प्लांट. कुंडीही त्याच हिशेबाने: हात सढळ असेल तर मातीची, कारण ती लवकर सुकते, विसरभोळ्यांना प्लास्टिकची. तळाला भोक नसलेली चिनी मातीची कुंडी कितीही सुंदर असली तरी थेट तिच्यात झाड लावू नका.

नर्सरीत पान उलटं करून आणि देठाच्या बेचक्यात नीट पाहा. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड, ते रोप घेऊ नका. घरी आणल्यावर दोन आठवडे कुंडी बदलू नका, झाडाला नव्या उजेडाची सवय होऊ द्या. नंतर पिशवी काढाल तेव्हा मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असेल, तर तो बाहेरून बोटांनी अलगद मोकळा करा. नाहीतर पाणी कडेने वाहून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत हे मिश्रण मनी प्लांटला पुरतं. स्नेक प्लांट आणि झेडझेडसाठी त्यात आणखी एक भाग जाड वाळू घाला.