गोल्फची मोठी स्पर्धा घ्यायची, पण कोणती? एकदाच भव्य की दरवर्षी बेताची?

दोन प्रस्ताव टेबलावर आले, की समितीतली निम्मी माणसं पहिल्याच्या प्रेमात आधीच पडलेली असतात. पहिला म्हणजे रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका अशी संघांची लढत) किंवा ओपनसारखी (ब्रिटनमधली जुनी मानाची स्पर्धा), दरवेळी जागा बदलणारी म्हणून आयुष्यात एकदा दारात येणारी स्पर्धा. दुसरा म्हणजे एखाद्या व्यावसायिक टूरवरची (व्यावसायिक खेळाडूंच्या वर्षभराच्या स्पर्धामालिकेतली), दरवर्षी ठरल्या आठवड्यात भरणारी स्पर्धा. खेळाडू देशोदेशीचे, पण पहिल्या पानावरची बातमी नाही. मी दोन्हीकडे राबलोय. भव्य स्पर्धेत वाहतुकीच्या टेबलावर होतो, आणि नंतर आमच्या क्लबपुढे निवडीची वेळ आली तेव्हा समितीत. आम्ही दुसरी घेतली. ती सगळ्यांना मानवेलच असं नाही.

मोठीच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिचं एक खरं बळ आहे. तिला तारीख असते. वर्षानुवर्षं अडलेला रस्ता, पाण्याचा निचरा, नेटवर्कच्या केबल हे सगळं त्या तारखेच्या धाकाने होऊन जातं. वेल्समधल्या केल्टिक मॅनरने २०१० च्या रायडर कपसाठी खास कोर्स आखला आणि नावही ‘ट्वेंटी टेन’ ठेवलं. उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशला ओपन १९५१ मध्ये झाली होती, ती परत यायला २०१९ उजाडलं. त्यासाठी त्यांनी दोन नवी होल बांधली आणि जुन्या सतराव्या-अठराव्या होलच्या जागेवर प्रेक्षकांचं गाव उभं केलं. २,३७,७५० प्रेक्षक आले, आणि २०२५ मध्ये ओपन पुन्हा तिथेच. असं दुसरं बोलावणं येणार असेल तर गणितच बदलतं, हे मान्य.

पण ते बोलावणं गृहीत धरू नका. स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीचा कोर्स सुंदर आहे यावर कुणाचंच दुमत नाही. तरी २००९ नंतर तिथे ओपन झालेली नाही, आणि कारणांच्या यादीत रस्ते, रेल्वे, राहायच्या खोल्या ही नावं असतातच. अमेरिकेतल्या चेंबर्स बेला २०१५ ची यूएस ओपन मिळाली. चर्चा झाली ती ग्रीनवर (होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) टुणटुण उड्या मारणाऱ्या चेंडूची आणि प्रेक्षकांना ज्याच्या कडेने चालताच येत नव्हतं त्या आठव्या होलची. पुढे त्यांनी ग्रीनवरचं गवतच बदललं. पुरुषांची यूएस ओपन काही परत आलेली नाही.

गर्दीचा आकारही दोन्हीकडे वेगळा असतो. रायडर कपला खेळाडू २४. शुक्रवार-शनिवारच्या एका सत्रात सामने फक्त चार, म्हणजे सगळी जत्रा चार ठिकाणी लोटते. त्यामुळे स्टँड, पडदे, दोर, मार्शल सगळंच अवाढव्य लागतं, आणि तीन दिवसांनी उपटून न्यायचं. टूरच्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दोन टीवरून (पहिला फटका मारायच्या जागांवरून) सुटत राहतात. माणसं आपोआप पांगतात. रायडर कपचे दोन्ही संघ एखाद्या हॉटेलात मावतात. दीडशे खेळाडू, त्यांचे कॅडी (बॅग वाहणारे सोबती), कुणाची बायको-मुलं यांना मात्र गावभर खोल्या शोधाव्या लागतात. शुक्रवारी संध्याकाळी कट लागला (मागे पडलेल्यांची छाटणी झाली) की निम्मे जण बॅगा भरतात, हे लॉजवाले दुसऱ्या वर्षापर्यंत शिकतात आणि शनिवारचं बुकिंग त्या हिशोबाने घेतात.

आता माझं मत ज्यावर ठरलं ती गोष्ट. ती क्षुल्लक वाटेल. ती आहे बस.

भव्य स्पर्धेत प्रेक्षकांच्या गाड्या कोर्सपासून लांब एका शेतात लावायच्या आणि तिथून बसने थेट गेटवर सोडायचं, अशी आमची योजना होती. नकाशावर लाल पेन्सिलीने तो मार्ग मीच काढला होता आणि तो गावच्या बाजारपेठेतून जात होता. दुकानदारांनी महिनाभर आधी पताका लावल्या, पाट्या रंगवल्या, जादा पोरं कामाला ठेवली. पहिल्या दिवशी सकाळी सातला मी चौकात वॉकीटॉकी घेऊन उभा. एकामागून एक भरलेल्या बसगाड्या जाताहेत, काचेला चिकटलेले चेहरे पताकांचे फोटो काढताहेत, आणि एकही बस थांबत नाही. कोपऱ्यावरचा खानावळवाला बाहेर येऊन मला म्हणाला, “साहेब, यातली एक तरी इथे थांबेल का?” मी वॉकीटॉकीवर विचारलं. उत्तर आलं, वेळापत्रकात बसत नाही, सुरक्षेतही बसत नाही. त्याने मान डोलावली आणि आत जाऊन निम्म्या खुर्च्या परत एकावर एक रचल्या. संध्याकाळी त्याच बस उलट्या दिशेने गेल्या. दिवसभर उन्हात चाललेली माणसं आत चक्क झोपलेली.

कुंपणाच्या आत खाणंपिणं बाहेरून आलेल्या ठेकेदाराचं, टोप्या-टीशर्ट आयोजकांचे. नंतर आर्थिक लाभाचा अहवाल आला, आकडा डोळे दिपवणारा होता. तो खोटा होता असं मी म्हणत नाही. पण असे अहवाल वाचताना दोनच गोष्टी पाहाव्यात: हा एकूण खर्च आहे की स्पर्धा नसती तर झालाच नसता असा जादाचा खर्च, आणि त्यातला गावात किती उरला. गर्दीच्या धास्तीने त्या आठवड्यात न फिरकलेले नेहमीचे पर्यटक कुणी वजा करत नाही. खानावळवाल्याच्या खुर्च्या तर कुठल्याच रकान्यात नव्हत्या.

गंमत म्हणजे टूरच्या स्पर्धेतही पहिल्या वर्षी आम्ही हीच चूक केली. तीच लाल पेन्सिल! पण दुसऱ्या वर्षी थांबा बाजाराच्या तोंडाशी आणला आणि तिथून गेटपर्यंत दहा मिनिटं चालायला लावलं. तक्रारी आल्या, पण दुकानंही चालली. भव्य स्पर्धेला दुसरं वर्ष नसतं. माझ्यापुरता विषय तिथेच संपला.

पावसाचंही तेच. केल्टिक मॅनरला पहिल्याच दिवशी सात तासांहून जास्त खेळ थांबला आणि रायडर कप पहिल्यांदाच सोमवारपर्यंत लांबला. अमेरिकी संघाचे रेनकोट गळायला लागले म्हणून त्यांनी तिथल्याच विक्रीच्या तंबूतून नवे घेतले. विक्री झाली खरी, पण तीही कुंपणाच्या आतच. २००१ चा रायडर कप न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर वर्षभर पुढे गेला आणि २००२ मध्ये इंग्लंडमधल्या द बेलफ्रीला ‘२००१’ लिहिलेल्या पाट्यांखालीच खेळला गेला. वार्षिक स्पर्धेचं एक वर्ष वाहून गेलं तर हळहळ होते. भव्य स्पर्धेत सगळंच एका आठवड्यावर लावलेलं.

वार्षिक स्पर्धेत सुख आहे असं मात्र समजू नका. क्लबचे सभासद दरवर्षी कुरकुरतात, कारण रफ (कडेचं गवत) वाढवलेला असतो आणि ऐन हंगामात कोर्स बंद. मोठी नावं ऐनवेळी येत नाहीत. तिसऱ्या वर्षापासून स्वयंसेवक मिळवताना दमछाक होते. आणि मुख्य प्रायोजकाने करार वाढवला नाही तर सगळा डोलारा कोसळतो. ती टांगती तलवार मला अजून झोपेत दिसते. अमेरिकेतल्या वार्षिक फिनिक्स ओपनचं उदाहरण सगळेच देतात. १९८७ पासून एकाच कोर्सवर, सोळाव्या होलभोवती दरवर्षी उभं केलेलं स्टेडियम, २०१८ च्या आठवड्याला ७,१९,१७९ माणसं (त्यानंतर त्यांनी आकडे जाहीर करणंच बंद केलं). पण ती अनेक दशकांची मेहनत आहे, पाच वर्षांत तिथे पोचायचं स्वप्न प्रायोजकाला विकू नका.

मधला रस्ता मला रोमजवळच्या मार्को सिमोनेचा पटतो. २०२३ च्या रायडर कपआधी त्याच कोर्सवर २०२१ पासून इटालियन ओपन भरवून त्यांनी हात बसवून घेतला. तुमच्या समितीचा जीव मोठीतच अडकला असेल तर निदान एवढी सवलत मागा. आणि सही करण्याआधी बसथांबा कुठे असेल ते नकाशासकट करारात लिहून घ्या. आम्ही त्याबद्दल विचारलं तेव्हा तंबू उभे राहिले होते.