अ‍ॅक्रिलिक रंग घेताना: बाटली, स्टुडंट ट्यूब की आर्टिस्ट ट्यूब?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोस्टर कलर वापरलेल्यांना अ‍ॅक्रिलिक ओळखीचा वाटतो, पण स्वभाव वेगळा. पोस्टर कलर वाळल्यावरही ओल्या ब्रशने उठतो. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की उठत नाही, कापडावरूनही नाही अन् ब्रशच्या केसांतूनही नाही.

पणत्या, मडकी, कापड, वारलीची पांढरी रेघ एवढंच करायचं असेल, तर फेव्हिक्रिलच्या १५ मिलीच्या बाटल्या पुरतात. रंग पातळ असतो, सरसर ओढला जातो. कॅनव्हासवर मात्र ब्रशचा फटकारा उठून दिसत नाही.

खरी निवड आहे ती स्टुडंट आणि आर्टिस्ट ग्रेडमध्ये. विन्सर अँड न्यूटनच्या गॅलेरिया आणि प्रोफेशनल या मालिका पाहा, किंवा लिक्विटेक्सच्या बेसिक्स आणि हेवी बॉडी; दोन्हीकडे पहिली स्टुडंट, दुसरी आर्टिस्ट. महाग ट्यूबमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, स्वस्तात भरणा, म्हणजे रंग न देणारी स्वस्त पूड, जास्त. फरक मिश्रणात कळतो: भरण्यामुळे रंग फिका पडतो आणि झाकायला दोन-तीन हात द्यावे लागतात. पण हा फरक सगळ्या रंगांत सारखा नाही, आणि पैसे वाचतात ते इथेच. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना यांची रंगद्रव्यं मुळातच स्वस्त, त्यामुळे ती स्टुडंट ग्रेडमध्येही चांगली मिळतात. कॅडमियम आणि कोबाल्ट महाग. तिथे स्वस्त ट्यूबवर 'ह्यू' लिहिलेलं दिसेल, म्हणजे दुसऱ्या रंगद्रव्यांतून साधलेली तशी छटा. ट्यूबमागचा रंगद्रव्याचा कोड वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. एकाच ट्यूबवर तीन-तीन कोड असतील, तर तिच्यातून मिश्रणं लवकर मळकट होतात.

नवशिक्याने २४ रंगांचा सेट घेऊ नये, हे मी कळकळीने सांगेन. स्टुडंट ग्रेडच्या सहा ट्यूब घ्या: लेमन यलो, तांबडा, किरमिजी, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा. पांढरी ट्यूब मोठी, कारण तीच आधी संपते. वर्षभराने हात बसला की पहिली आर्टिस्ट ट्यूब टायटॅनियम व्हाइटची आणा. दुसरी कॅडमियम रेडची. दोन्ही ग्रेड एकमेकांत बिनदिक्कत मिसळतात, सगळा संच बदलावा लागत नाही.

चित्रं विकायची असतील, तर लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, बघितल्याशिवाय ट्यूब उचलू नका. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेची श्रेणी १ किंवा २ हवी, नाहीतर उजेडाच्या भिंतीवर तुमचा गुलाबी उडून जाईल आणि घेणाऱ्याचा विश्वासही.

बहुतेक अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होतात. त्यांचा ओला बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा द्रव, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून चेहऱ्याचा रंग कालवताना आधी रद्दी कागदावर एक ठिपका वाळू द्या.