आरमधलं पॅरलल बूटस्ट्रॅप: सात महिने वापरल्यावर

मार्चमध्ये सरांनी प्रबंधाचा मसुदा परत पाठवला. समासात एकच प्रश्न होता: तक्ता ६ मध्ये वरची सीमा हेक्टरी ३.२ क्विंटल, परिशिष्टात २.९, असं का? डेटा तोच, आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतला कोड तोच, वर सेट.सीड(१२३), म्हणजे यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी यासाठीची ओळ, लिहिलेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काम रब्बी ज्वारीच्या चाचण्यांचं. मालदांडीच्या तुलनेत नवे वाण किती जास्त देतात, ते आरच्या एलएमई४ पॅकेजमधल्या मिश्र मॉडेलने काढायचं आणि विश्वासांतरासाठी, म्हणजे खरा आकडा कुठल्या दोन सीमांमध्ये असावा ते सांगण्यासाठी, ठिकाणं यादृच्छिकपणे पुन्हा पुन्हा निवडून मॉडेल १००० वेळा बसवायचं. हेच बूटस्ट्रॅप. एका वेळेला ११ सेकंद, म्हणजे तीन तासांच्या वर. लॅपटॉप चार कोअरचा, रॅम ८ जीबी. आरसोबत २०११ पासून येणारं पॅरलल पॅकेज फुकटच आहे, म्हणून त्यातलं पारलॅप्लाय, म्हणजे काम वाटून एकाच वेळी चालवणारं फंक्शन, लावलं आणि चार वर्करवर तेच काम ५१ मिनिटांत झालं. तेव्हा मी सगळ्यांना हेच वापरा म्हणून सांगत होते.

आता सीडबद्दल. मुख्य सत्रात लिहिलेलं सेट.सीड वर्करपर्यंत पोचतच नाही. प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळं आर. ते सुरू होताना घड्याळ आणि प्रोसेस क्रमांकावरून स्वतःचं सीड ठरवतं. त्यामुळे दर वेळी वेगळी ठिकाणं निवडली जातात आणि सीमा हलते. बरं, इशारा नाही, लाल अक्षर नाही. वर्करना सीड देणारं क्लस्टरसेटआरएनजीस्ट्रीम वापरा असं मदतपानात लिहिलंय, मान्य. पण प्रबंधात छापायचा आकडा गुपचूप बदलत असेल तर ते ओरडून सांगायला हवं. वेग अर्धा मिळाला असता तरी चाललं असतं, हे नाही चालत.

ती ओळ घातली, उत्तरं जुळली, मी निवांत झाले. मग एप्रिलमध्ये उपग्रहाचे तक्ते जोडले आणि रॅम भरू लागली, म्हणून चाराचे तीन वर्कर केले. आकडे पुन्हा बदलले! यादृच्छिक संख्यांचा प्रवाह वर्करमागे एक असा वाटला जातो. वर्कर किती ते बदललं की कुठल्या फेरीला कुठल्या संख्या, तेही बदलतं. त्या रात्री मी खरंच रडले.

वरून जास्तीचं पॅकेज कशाला, असं माझं मत होतं. ते इथे बदललं. फ्युचर.अप्लाय या पॅकेजमध्ये फ्युचर.सीड दिलं की प्रवाह फेरीमागे वाटला जातो, त्यामुळे वर्कर दोन असोत की आठ, उत्तर तेच. आणि सीड द्यायला विसरलात तर ते स्वतःहून इशारा देतं. मला हवं होतं ते नेमकं हेच.

पहिल्याच दिवशी मात्र ते अडून बसलं: वर्करकडे जाणारा माल ५०० एमआयबीच्या मर्यादेबाहेर. आधी चिडले. मर्यादा वाढवणार होते, तेवढ्यात पाहिलं की माझं फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या आत लिहिलेलं होतं, आणि अशा फंक्शनबरोबर त्याच्या भोवतालचं सगळं जातं. माझ्या बाबतीत हवामान आणि उपग्रहाचे ७०० एमबीचे तक्ते प्रत्येक वर्करकडे जात होते, मॉडेलला लागणारे रकाने होते नऊ. पॅरलल पॅकेजनेही इतके दिवस तेच केलं होतं, न बोलता. दुरुस्तीच्या दुकानात तर रॅम बदलायचा सल्ला मिळाला होता, मी पैसेही बाजूला काढले होते. फंक्शन बाहेर काढलं, नऊच रकाने पाठवले आणि खर्च वाचला.

वेगाबद्दल थोडक्यात: डिटेक्टकोअर्स माझ्याकडे ८ सांगतं, ते तार्किक कोअर, खऱ्या एका कोअरचे दोन मोजलेले. आठ वर्करवर ४४ मिनिटं, चारांवर ५०. सहा मिनिटांसाठी पंखा तापवण्यात अर्थ नाही. शिवाय डेटा वाचणं, जोडणं हा भाग एकाच कोअरवर चालतो, आणि संगणक अभियंता जीन ॲमडालने १९६७ मध्येच दाखवलंय की असा भाग १० टक्के असला तर कितीही कोअर लावा, दहा पटीच्या वर वेग जात नाही.

गेल्या आठवड्यात तक्ता ६ नव्याने पाठवला. आधी तीन वर्करवर चालवला, मग चारांवर, मग विभागातल्या संगणकावर आठांवर. वरची सीमा तिन्ही वेळा ३.०७.