टार्गेट वजन गाठलं, आता छोटा डोस चालू ठेवायचा की इंजेक्शन सोडून जिम धरायची?

सेमाग्लुटाइड किंवा मौंजारो ही भूक मारणारी, आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं घेऊन ज्यांनी वजन उतरवलंय त्यांना ही औषधं काय करतात हे सांगत बसत नाही, तुम्हाला पाठच असेल. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काटा हवा तिथे आला, डॉक्टर म्हणाले छान, मग? एक तर डोस कमी करून इंजेक्शन चालूच ठेवायचं, नाहीतर डोस हळूहळू उतरवत बंद करायचं आणि व्यायाम अन् प्रोटीनच्या जोरावर वजन धरून ठेवायचं. मी आधी पहिलं केलं, आता दुसरं करतोय, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. मला शुगर नाही हे आधीच सांगतो, ज्यांना आहे त्यांचा हिशोबच वेगळा, त्यांनी माझं वाचून काही बंद करू नये.

कागदावर बघाल तर औषध चालू ठेवणं सरळ जिंकतं. टिर्झेपेटाइडची, म्हणजे मौंजारोतल्या औषधाची, सरमाउंट-४ म्हणून ट्रायल आहे, त्यात ३६ आठवड्यांत लोकांचं सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, मग निम्म्यांना न सांगता नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनवर टाकलं. वर्षभराने बघितलं तर उतरवलेल्यातलं निदान ८० टक्के वजन परत येऊ न दिलेले औषधवाल्यांत १०० मागे ९० च्या जवळपास, आणि प्लासिबोवाल्यांत १७ सुद्धा नाहीत. हा आकडा वाचून मीही गप्प झालो होतो. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, ते चालू ठेवणारे लोक १० किंवा १५ एमजीवर होते, आपल्यासारखे खालच्या डोसवर रेंगाळलेले नव्हते. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ या ट्रायलमधे बंद केल्यावर वर्षात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं हेही सगळे सांगतात, पण तिथे औषधाबरोबर आहार-व्यायामाचं मार्गदर्शनसुद्धा बंद केलं होतं, ते कोणी सांगत नाही.

छोट्या डोसवर असताना खरंच मजेत होतं हो. खाखा सुटत नाही, लग्नाच्या पंगतीत एक जिलबी खाल्ली की पुरे वाटतं, रात्री जेवण झाल्यावर फरसाणचा डबा हाक मारत नाही. खर्च म्हणाल तर मौंजारो मार्च २०२५ ला इथे आलं तेव्हा २.५ एमजीची एक व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ३५०० आणि ५ ची ४३७५ होती, आणि ते आठवड्याचं बरं का, महिन्याचं नाही. आता सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत इथे मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे पैशाचा मुद्दा मी फार ताणत नाही.

माझं घोडं अडलं ते फ्रिजपाशी.

माझं काम फिरतीचं, अमरावती, अकोला, यवतमाळ, खाली पुसदपर्यंत. इंजेक्शनचा पेन न उघडलेला असेल तर २ ते ८ डिग्रीत ठेवायचा, बाहेर काही आठवडे चालतो पण ३० डिग्रीच्या आत, आणि अकोल्यात मे महिन्यात ३० डिग्री पहाटेसुद्धा मिळेल तर शपथ. गाडीत ठेवायची सोय नाही. लॉजवर फ्रिज असलाच तर तो इतका जुना की मागच्या भिंतीला बर्फ धरलेला, आणि औषध एकदा गोठलं की फेकायचंच, वितळवून चालत नाही. मग उरतात नातेवाईक. बहिणीकडे मुक्काम असला की पेन तिच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा. "दादा, कधी झाली रे शुगर? सांगितलं पण नाहीस." तिला समजावलं तोवर ते मामींपर्यंत गेलं होतं, मामींकडून काकूंकडे, आणि पुढच्या कार्यक्रमात मला कोणी पुरणपोळी वाढेना. एकीने कारल्याचा रस पाठवला. खरं कारण सांगावं तर "म्हणजे हे इंजेक्शनचं का, आम्हाला वाटलं व्यायामाने केलंस" हे ऐकायचं, त्यापेक्षा शुगर परवडली. त्यात उन्हाळ्यात गावाकडे लाइट गेली की सगळे पंखा कधी सुरू होईल म्हणून बसलेले आणि मी फ्रिज उघडू नका फ्रिज उघडू नका करत उभा. तुम्ही एका गावात, स्वतःच्या घरात राहत असाल तर हे सगळं वाचून हसाल, आणि मग खरं तर तुमच्यासाठी छोटा डोसच सोपा असेल, पण मला हे आयुष्यभर करायचंय हा विचारच नको झाला.

आता दुसरी बाजू. बंद केल्यावरचा पहिला महिना फसवा असतो, कारण सेमाग्लुटाइडचा अंमल अर्ध्यावर यायलाच आठवडा लागतो आणि पूर्ण निघायला पाचेक आठवडे, त्यामुळे माणूस म्हणतो बघा मला तर भूकच नाही. मग ती येते. मला संध्याकाळी सहा ते आठ यायची, अजूनही येते, खोटं कशाला बोलू. त्यावर माझा उपाय म्हणजे नेमका त्याच वेळी जिमला जायचं. चालणं आधीपासून होतं पण चालण्याने माझी भूक उलट वाढते, वजनं उचलून आल्यावर मात्र ताटात जे असेल ते खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं, हे शास्त्र आहे की माझं पोटच तसं आहे देव जाणे. प्रोटीनसाठी अंडी, मटकीची उसळ, पनीर, सोया चंक्स, आणि कंटाळा आला की पिठलं. पिठल्याने हिशोब पूर्ण होत नाही, ठाऊक आहे. वजन थोडं वर आलं, मग थांबलं, पॅन्टचं बक्कल जुन्याच भोकात लागतं.

माझ्या बाजूने बोलणारी एक डॅनिश ट्रायलही आहे, एस-लाइट, २०२१ ची. औषध तिथे लिराग्लुटाइड हे याच जातीचं जुनं होतं आणि व्यायाम सायकलिंगसारखा दमवणारा, वजनं उचलण्याचा नव्हे, त्यामुळे जशीच्या तशी लागू होते असं म्हणणार नाही. पण सगळं बंद केल्यावर वर्षाने पाहिलं तर औषधाबरोबर देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांनी नुसत्या औषधावाल्यांपेक्षा उतरलेलं वजन जास्त टिकवलं होतं, म्हणजे त्यांचं कमी परत आलं होतं. म्हणजे जिम लावायची तर इंजेक्शन चालू असतानाच लावा, भूक नसते तेव्हा सवय पडते. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना बीपी किंवा फॅटी लिव्हर आहे, किंवा आधी दोनदा उतरवून दोनदा परत आणलंय, त्यांना मी छोट्या डोसवरच राहा म्हणेन, फ्रिजचं बघून घेता येतं. बाकीच्यांनी एकदा सोडून बघायला हरकत नसावी, डॉक्टरांशी बोलून, आणि काटा अमुक किलोच्या वर गेला तर परत सुरू हे आधीच ठरवून.

आणि सोडायचंच तर मुहूर्त बघा. गणपती विसर्जनाच्या सुमारास शेवटचं इंजेक्शन घेतलंत तर पूर्ण भूक जागी होते ती बरोबर फराळाच्या डब्यांसमोर. मार्चमधे सोडलंत तर आंबे. जून बरा पडतो, लग्नं आटपलेली, आंबे संपत आलेले, आणि दिवाळीला भरपूर वेळ.