गेम अडखळतोय: सेटिंग उतरवायची, रॅमची दुसरी स्टिक टाकायची की थेट नवीन कार्ड?

बऱ्याच जणांकडे असतो तसला पीसी धरून चालू: आय५-१०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि १०८०पी मॉनिटर. माझ्या मावसभावाकडे डिट्टो हाच आहे. सायबरपंक २०७७ लावला की घरात, आडबाजूला मस्त चालतो आणि गर्दीच्या बाजारात शिरलं की एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन खाली, वर अधूनमधून झटके. दुकानदार म्हणतो कार्ड बदला, यूट्यूबवाला म्हणतो रॅम टाका, मित्र म्हणतो सगळं लो करून खेळ ना गप. प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या पीसीला लागू पडतंच, तुमच्या पीसीला कुठलं ते आधी बघा आणि मगच खिशात हात घाला.

बघायला एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतं. जीपीयू (कार्डाची चिप) युसेज, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम बनायला लागणारा वेळ) स्क्रीनवर दाखवायला लावा आणि जिथे गेम अडखळतो तिथेच जाऊन आकडे बघा, मेन्यूत उभं राहून नाही. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस लिमिट तेवढं बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतात. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर चिकटलाय म्हणजे कार्ड दमलंय. जीपीयू ६०-७० वर रेंगाळतोय आणि तरी एफपीएस कमी, तर कार्ड नुसतं वाट बघत बसलंय, प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवत नाहीये. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा, एफपीएस एकदम वाढले तर अडचण कार्डाची, जागचे हलले नाहीत तर कार्डाला दोष देऊ नका.

आता पर्याय.

सेटिंग उतरवणं फुकट आहे म्हणून लोक त्याला कमी लेखतात, पण जीपीयू ९९ वर असेल तर सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, फक्त सरसकट लो करू नका, चित्राची माती होते. सायबरपंकमध्ये स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स, व्हॉल्युमेट्रिक फॉग आणि ढग ही तीन खादाड सेटिंग आधी खाली आणा, टेक्स्चर शक्यतो शेवटी, कारण व्हीरॅममध्ये मावत असेल तर टेक्स्चरने एफपीएसला फारसा फरक पडत नाही. मग एफएसआर, म्हणजे चित्र लहान बनवून मोठं करायची एएमडीची युक्ती. १६६० सुपरवर डीएलएसएस (एनव्हिडियाची तशीच युक्ती) चालत नाही, त्याला आरटीएक्स कार्ड लागतं, पण एफएसआर चालतं. क्वालिटी मोडवर १०८०पीचं चित्र आतून १२८०×७२० ला तयार होतं आणि मग मोठं केलं जातं, एवढं चालून जातं. परफॉर्मन्स मोडला मात्र आतलं चित्र ९६०×५४० वर येतं, केस, तारा, लांबच्या जाळ्या सगळं लुकलुकतं, मला तरी बघवत नाही. फ्रेम जनरेशनचा (खऱ्या फ्रेमच्या मधे बनावट फ्रेम घालण्याचा) मोह पण सांभाळून, ३० एफपीएसवर ते चालू केलं तर आकडा छान दिसतो आणि माऊस चिखलात फिरल्यासारखा वाटतो, मुळात ६०च्या आसपास असाल तरच त्याला अर्थ आहे.

पण झटके? ते या सगळ्याने जात नाहीत, आणि इथेच रॅम येते. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात. सरासरी ६० दिसत असली तरी मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद खाऊन गेली की हाताला लगेच कळतं, सरासरीत ती दिसत पण नाही. म्हणून १ टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा बघायचा. सायबरपंकची आताची किमान गरजच १२ जीबी आहे, ८ मध्ये विंडोज, डिस्कॉर्ड आणि मागे उघडा राहिलेला क्रोम धरला तर गेमला उरतं काय, मग उरलेला माल एसएसडीवर ढकलला जातो आणि झटका बसतो. शिवाय एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच वाट: डीडीआर४ २६६६ रॅमला २१.३ जीबी प्रति सेकंद, तीच दुसरी स्टिक टाकली की ४२.७. म्हणजे जागा पण वाढते आणि वेग पण. व्हॅलोरंटसारखा गेम, जिथे कार्ड निवांत असतं आणि सगळा भार प्रोसेसरवर, तिथे हा फरक जास्त जाणवतो, आणि तिथे ग्राफिक्स लो केल्याने बहुतेक वेळा काहीच हलत नाही.

घेताना एवढं बघा: एच४१० मदरबोर्डवर १०४००एफची रॅम २६६६ च्या वर जात नाही, त्यामुळे फॅन्सी ३६०० ची स्टिक घेऊन पैसे घालवू नका. बोर्डला चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, शेजारीशेजारी नाही. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून "स्वस्तातला उपाय" हे वाक्य पूर्वीसारखं बिनधास्त म्हणता येत नाही. तरी नवीन कार्डाच्या मानाने एक ८ जीबीची स्टिक अजून हलकीच पडते.

कार्ड बदलणं कधी? रॅम १६ झाली, सेटिंग नीट लावून झाली, जीपीयू तरी ९९ वर, आणि तुम्हाला हायवरच खेळायचंय, तेव्हा. आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी व्हीरॅम आणि डीएलएसएस मिळतं पण १७० वॅट खातं, आरएक्स ६६०० १३२ वॅटमध्ये भागवतं आणि पैशाला जास्त फ्रेम देतं, आरटीएक्स ४०६० सगळ्यात कमी, ११५ वॅट, पण व्हीरॅम ८ जीबी. लोकल पॉवर सप्लाय असेल तर त्याचा खर्च पण कार्डातच धरा. मला विचाराल तर या पीसीला ६६००, डीएलएसएसचं वेड असेल तर ३०६०. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको: त्याला फक्त चार पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्डमधला डेटाचा रस्ता), आणि १०४००एफ जेन ३ वर, म्हणजे त्या रस्त्याच्या जुन्या, मंद पिढीवर अडकलेला, त्यात व्हीरॅम ४ जीबी, म्हणजे व्हीरॅम भरली की घसरगुंडी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड बघणार असाल तर सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग (कार्डं सतत राबवून नाणी कमावणं) बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली, ३०६० त्यात भरपूर. मायनिंगचं म्हणजे वाईटच असं नाही, पण दुकानात लोडवर थोडा वेळ चालवून पंख्याचा आवाज आणि तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोसेसर? या बोर्डवर त्यात फार पुढे जाता येत नाही, नंतरचा आय५-१२४००एफ घ्यायचा तर बोर्ड पण बदलावा लागतो. पण डीडीआर४ वाला एच६१० किंवा बी६६० बोर्ड घेतलात तर आज टाकलेल्या दोन्ही स्टिक तिकडे जशाच्या तशा लागतात, म्हणून माझा क्रम सेटिंग, रॅम, कार्ड आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर.