शिकारीसाठीही आणि घरासाठीही : मिनेसोटातल्या एका लॅब्रॅडॉर केनेलचा अनुभव

आम्हाला एकाच कुत्र्याकडून दोन कामं हवी होती. मिनेसोटात सप्टेंबरच्या उत्तरार्धात बदकांचा हंगाम उघडला की थोरली लेक आणि मी पहाटे तळ्यावर जातो. पडलेला पक्षी लव्हाळ्यातून हुडकून आणणारं कुणीतरी हवं. आणि उरलेलं वर्षभर त्यानं घरात धाकट्याशेजारी शांत पडून राहावं. असं लॅब हवं असेल तर पिल्लाच्या आधी त्याचे आईबाप बघा, हे मला आमच्यापासून तासाभरावरच्या, लॅब्रॅडॉर कुत्र्यांची पैदास करणाऱ्या या घरगुती केनेलनं पटवून दिलं.

तिथल्या बाईंनी पिल्लं दाखवण्याआधी कागद पुढे ठेवले. दोन्ही आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे ओएफएकडून (प्राण्यांच्या हाडा-सांध्यांची तपासणी करून दाखला देणारी अमेरिकी संस्था) तपासलेले, वयाचे 24 महिने पूर्ण झाल्यानंतरचे. त्याआधी पक्का दाखला मिळतच नाही. डोळ्यांची तपासणी आणि ईआयसी या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणीही होती. ईआयसीत जोरात धावल्यावर कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, आणि पाण्यात तसं झालं तर जिवावर बेततं. सदोष जनुक दोन्हीकडून आलं तरच हा आजार होतो, म्हणून निदान एक पालक तरी पूर्ण निर्दोष हवा. पिल्लांची आई मुलांच्या गराड्यात निवांत पडली होती. माझ्या मनात कागदांइतकंच वजन त्या शांतपणाचं होतं.

निवडीच्या वेळी बाईंनी बदकाचं पंख फेकलं. एक पिल्लू ते घेऊन कोपऱ्यात पळालं. मुलांना तेच आवडलं, धीट म्हणून. बाई म्हणाल्या, "घरात लहान मूल आहे, तर ही घ्या," आणि पंख उचलून आपणहून परत माणसाकडे येणारी काळी मादी पुढे केली. तीच आमची काजळ. ८ आठवड्यांची झाल्यावर घरी आली.

बंदुकीच्या आवाजाची सवय केनेलवाल्यांनी फार जपून लावली. आधी पंखामागे धावायचं वेड, मग ती धावत असताना लांबवर कोऱ्या (गोळी नसलेल्या) काडतुसाचा बारीक बार, आणि कान टवकारून ती पुन्हा खेळात रमली तरच पुढच्या वेळी थोडं जवळ. थेट गोळीबाराच्या मैदानावर नेऊन पिल्लू कायमचं बिथरवणारे लोक आहेत, त्यांनी हे बघायलाच हवं. शिटीचे इशारेही सोपे: एक लांब शीळ म्हणजे बस, तुटक शिळा म्हणजे परत ये. कॅनव्हासचा बंपर, म्हणजे पक्ष्याऐवजी आणायला शिकवण्याची गुंडाळी, मोजक्याच वेळा फेकायचा आणि तिची हौस शिल्लक असतानाच थांबायचं. रस्सीखेच मात्र घरात सगळ्यांनाच बंद, कारण ओढाओढीची सवय लागलेलं तोंड पक्षी सोडत नाही. आता काजळ मालर्ड जातीचं बदक आणते तेव्हा पिसं ओली असतात, पण दात लागलेला नसतो.

केनेलच्या सामूहिक शिकवणी वर्गाबद्दल मात्र नाराजी आहे. कुत्री जास्त, शिकवणारा एकच, त्यामुळे बराच वेळ दोरी धरून उभं राहावं लागतं. शिवाय 'बस' आणि 'ये' पक्कं होण्याआधीच विजेच्या कॉलरचा आग्रह झाला. आम्ही नको म्हटलं, त्यांनी ऐकलं. पिल्लू इथूनच घ्या. शिकवणीसाठी मात्र पैसे थोडे जास्त पडले तरी वैयक्तिक तास मागा, आणि ज्याच्यासोबत कुत्रं शिकारीला जाणार त्यालाच सोबत न्या. आमच्याकडे शीळ लेकीच्या गळ्यात असते.